संतोषच्या नावाचा पट्टा

सुरतेहून परतल्यावर अमळनेरात जो भेटतो तो हेच विचारतो, काय काय पाहिलं. किल्ला मी पाहिला नाही. तापीवरचे पूल रिक्षातून पाहिले. साडी एकही आणली नाही, त्याबद्दल शेजारणींनी मला अजून माफ केलेलं नाही. मी सुरतेत पाहिला तो मनगटावर बांधायचा एक काळा रबरी पट्टा, आणि त्यापायी जो गोंधळ पाहिला तो अजून डोक्यातून जात नाही. लिहून काढला तर कदाचित निवळेल, म्हणून बसले आहे.

माझी भाची केतकी, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, नाशकात वाढली, इंजिनिअर झाली आणि चांगल्या पगाराची नोकरी सोडून सुरतेत तिनं कंपनी काढली. कंपनी म्हणजे ती, तिचा हार्दिक नावाचा सुरती भागीदार आणि संगणकापुढे मान मोडून बसलेली चार पोरं. यंत्रमागावर काम करणाऱ्या कारागिरांच्या मनगटाला पट्टा बांधायचा, पट्ट्यानं नाडी मोजायची, घरच्या फोनवाटे ती ऑफिसात पाठवायची, आणि काळजात काही बिघाड दिसला तर माणूस आडवा होण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्यायचं, असा त्यांचा धंदा. धंदा म्हणावं की पुण्यकर्म, हे मी तिला फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, दोन्ही. वीज मंडळात आयुष्यभर बिलं काढलेल्या बाईला 'दोन्ही' हे उत्तर पटत नाही, पण भाचीशी वाद घालणार कोण.

तिला माझी गरज पडली ती माझ्या बोलीमुळे. फोनमधून पट्टा बोलायचा, पण बोलायचा पुस्तकातलं मराठी. सुरतेच्या ज्या डिंडोली भागात पट्टे वाटले होते तिथं निम्मी वस्ती आपल्या खानदेशची, घरात अहिराणी. "कृपया आपल्या मनगटावरील पट्टा घट्ट करावा" असं ऐकून ती माणसं म्हणे फोन बंद करून ठेवत. आमच्या भावानं नाशकात गेल्यावर अहिराणी पार सोडून दिली, त्यामुळे केतकीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. "आत्या, तू ये, चार दिवस राहा, तुझा आवाज भरू," असं तिनं सांगितलं आणि ह्यांना डब्याची सोय लावून देऊन मी निघाले.

उधना

सुरतेच्या अलीकडच्या स्टेशनावर, उधन्याला, गाडीतून उतरले तर फलाटावर माझ्या पुढची बाई तिच्या पोराला अहिराणीत झोडपत होती. क्षणभर वाटलं, झोप लागली आणि आपण नंदुरबारलाच उतरलो. बाहेर हार्दिक उभा होता. त्यानं मला कसं ओळखलं असं विचारलं तर म्हणाला, केतकीनं सांगितलं होतं की जी बाई हमालाशी भांडत येईल ती आत्या. मी हमालाशी भांडत होते हे खरंच.

त्यानं आधी खायला नेलं. लोचो नावाचा पदार्थ समोर आला. आपला खमण फसला की जसा दिसेल तसाच तो दिसतो, वर तेल, शेव, कांदा. मी हार्दिकला विचारलं की हा बिघडलाय का. तो दुखावला. खाल्ल्यावर मात्र मी दुसरी बशी मागितली, तेव्हा तो पुन्हा खूश झाला. थंडीचे दिवस, त्यामुळे गाड्यांवर पोंक मांडलेला, म्हणजे आपला हुरडाच. आपण शेतावर जाऊन, आगटीभोवती बसून खातो, ही माणसं रस्त्याकडेला तोलून घेऊन शेवेबरोबर खातात. चव तीच, पण हात काळे न होता हुरडा खाल्ला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आमटीत गूळ घालतात हे मला ठाऊक होतं, एवढा घालतात हे ठाऊक नव्हतं.

वेसू

केतकीचं ऑफिस वेसूला, काचेच्या इमारतीत. तिथं दिवसभर जे बोललं जातं त्यातलं मला पाव कळलं असेल. पायलट चालू आहे म्हणाले. रनवे किती उरलाय अशी चर्चा झाली. मी म्हटलं, बाई, विमान कुठं आहे? केतकी हसली आणि तिनं समजावलं की पायलट म्हणजे डिंडोलीत फुकट वाटलेले पट्टे आणि रनवे म्हणजे पैसे संपेपर्यंतचा वेळ. म्हणजे हातातले पैसे संपत आले होते. बंगळूरहून मेहरा नावाचे गुंतवणूकदार येणार होते, त्यांना काम पटलं तर पुढचं चालणार, नाही तर काचेच्या इमारतीला कुलूप. हे इतक्या साध्या शब्दांत सांगता येत असताना विमानतळ कशाला बांधतात, हे मला अजून समजलेलं नाही.

आवाज भरायला मला एका कपाटवजा खोलीत बसवलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या. "भाऊ, पट्टा जरा आवळी ल्या" हे एकच वाक्य त्या पोरांनी माझ्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतलं की शेवटी मला माझीच बोली परकी वाटायला लागली. गोधडीच्या धुळीनं मधेच शिंक आली, ती शिंकही भरली गेली आणि ती पोरं दुपारभर ऐकून हसत बसली.

संध्याकाळी हार्दिकनं मोठ्या पडद्यावर आलेख दाखवले. एकेक कारागीर म्हणजे एकेक रेघ. पहाटेच उठतात, उठल्याबरोबर लगबग, दुपारी विसावा, रात्री गाढ झोप. मी विचारलं, यातले कितीतरी जण रात्रपाळीला असतात ना, मग रात्री झोपतात कसे? हार्दिकनं मान हलवली. मागापुढे माणूस एका जागी उभा असतो, म्हणून यंत्राला ती झोप वाटत असावी, असं त्यांनी अनुमान काढलं होतं. मला पटेना. मागावर उभं राहून कोण घोरेल? "आंटी, डेटा झूठ नहीं बोलता," तो म्हणाला. माझ्या नोकरीत मीटर खोटं बोलत नसे हे खरं, पण मीटर कोणाच्या नावावर आणि वीज कोणाच्या घरात, याची मी खूप गंमत पाहिलेली. तेव्हा मात्र मला ते सुचलं नाही.

त्या रेघांतल्या एकीवर लाल ठिपके होते. संतोष पाटील, राहणार डिंडोली, मूळ गाव पारोळ्याकडचं. पट्टा सांगत होता की याची नाडी मधूनच ताल सोडते. कंपनीनं त्याला इस्पितळात नेलं. हृदयाचा आलेख काढला, सगळं ठीक. लाल ठिपके येतच राहिले म्हणून पुन्हा नेलं, आणखी तपासण्या केल्या, पुन्हा सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, असे ठोके कधी सापडतात, कधी नाही. मेहरासाहेबांना दाखवायच्या सादरीकरणात हाच संतोष सर्वांत पुढे होता. पट्ट्यानं जे हेरलं ते इस्पितळाच्या यंत्रालाही हेरता आलं नाही, असं ते मांडणार होते. मला तर उलटंच वाटत होतं, पण मी काय, पाव समजणारी बाई.

डिंडोली

रविवारी केतकीबरोबर संतोषच्या घरी गेले. एकावर एक बांधलेल्या खोल्या, अरुंद गल्ली, दारादारात साड्यांचे ढीग. बायका साड्यांचे सुटलेले दोरे कातरत बसलेल्या, हा इथला घरबसल्याचा धंदा. आम्हाला पाहिल्यावर गल्लीत जरा धावपळ झाली, बायका उठून आत गेल्या, पुरुष मनगटावर पट्टे लावून बाहेर आले. केतकी खूश झाली. मला वाटलं, पाहुणे आले म्हणून शर्ट चढवतात तसंच हे.

संतोष चाळिशीच्या आतला, पण बसला होता म्हाताऱ्यासारखा, भिंतीला टेकून. तपासणीपायी त्याचे खाडे झाले होते. शेठला कळलं तर काढून टाकेल म्हणून त्यानं कारण सांगितलेलं नव्हतं. तिखट सोडलं, जिना हळू चढतो, पोरीला उचलून घेत नाही. मला म्हणाला, "मावशी, डॉक्टर म्हणस काही नही, पट्टा म्हणस शे. कोनं आयकू?" मी केतकीकडे पाहिलं, केतकी फोनकडे पाहत होती. त्याच्या बायकोनं, मंगलनं, चहा आणला. ठेंगणी, हसतमुख, बोलताना मधेच थांबून श्वास घेणारी. तिचा मात्र चेहरा अगदी निवांत होता, आणि नवरा इतका भेदरलेला असताना ही एवढी निवांत कशी, याचं मला नवल वाटलं.

भर दुपारी, पुन्हा डिंडोली

सोमवारी केतकी सादरीकरणात गुंतलेली. माझा आवाज फोनांत चढला होता, तो लोकांना कळतो का ते पाहून ये म्हणून तिनं मला रिक्षात बसवून दिलं. दुपारची वेळ, गल्लीत पुरुष एकही नाही. संतोषची पाळी बदलून दिवसाची झालेली, तो खात्यावर गेला होता. यंत्रमागाच्या कारखान्याला इथं खातं म्हणतात.

मंगलनं ओळखलं, बसायला पाट दिला आणि मी नको म्हणत असताना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला घेतली. चार दिवस गुळाच्या आमटीवर काढलेल्या माणसाला कळण्याची भाकरी आणि ठेचा दिसला की नको म्हणायचं बळ टिकत नाही. आपल्या बोलीत बोलायला लागल्यावर ती खुलली. गावाकडचं सांगत होती. तेवढ्यात फळीवर ठेवलेला फोन बोलला. माझाच आवाज. "भाऊ, पट्टा जरा आवळी ल्या."

मंगलनं पिठाचा हात झटकला, हिरव्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि बांगड्यांखाली मनगटावर जो काळा पट्टा होता तो एक भोक आवळला. मग पुन्हा भाकरी थापायला लागली.

माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, हा कोणाचा पट्टा? ती म्हणाली, यांचाच. मग तुझ्या हातात कसा? तिला माझा प्रश्नच कळेना. मागावर हाताला घड्याळ, कडं, दोरा काही चालत नाही, मागाच्या फिरत्या पट्ट्यात अडकलं तर हात आत जातो. फोनही नेत नाहीत. म्हणून पट्टा घरी. आणि घरी नुसता टांगून ठेवला तर ऑफिसातली मुलगी फोन करते की भाऊ, पट्टा घाला. म्हणून तिनं घातला. दिवसा, रात्री, कायम. संतोषला माहीत होतं. गल्लीतल्या सगळ्या जणी घालत होत्या. कंपनीची माणसं आली की काढून नवऱ्याला देत, कारण वस्तू त्याच्या नावाची.

"पण मंगल, कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"आमले कोणी इचारंच नही," ती म्हणाली, आणि मग मला समजावायला लागली, जसं लहान मुलाला समजावतात. "मावशी, मी उपास धरस त्यास्नासाठे. भुकी मी रहास, लागस त्यास्ले. मंग पट्टा का लागाव नही?"

वटपौर्णिमा, हरतालिका, सोमवार, सगळे उपास मी आयुष्यभर केले आहेत. हा हिशेब मात्र मी कधी मांडला नव्हता. खरंच, ते लागतं तर हे का नाही?

मग हळूहळू दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात उतरली. लाल ठिपके हिचे होते. मी तिला विचारलं, तुला काही होतं का? ती सहज सांगत गेली. पाण्याचा हंडा चढवताना धाप लागते. छातीत मधूनच पाखरू फडफडल्यासारखं होतं. रात्री आडवं पडलं की गुदमरतं, म्हणून भिंतीला टेकून झोपते. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, शाळा त्यातच सुटली. कमजोरी आहे, दुसरं काय.

मी जमेल तसं सांगितलं की बाई, बिघाड तुझ्या काळजात आहे, संतोषच्या नाही, तुला इस्पितळात जायला हवं. तिनं सगळं ऐकून घेतलं. नंतर तिचा चेहरा का निवांत होता ते मला कळलं. संतोषच्या नावावर लाल आलं, तिनं पट्टा घालणं सोडलं नाही, आणि दोन्ही तपासण्यांत संतोष ठणठणीत निघाला. म्हणजे, तिच्या मते, त्याचं जे होतं ते तिच्याकडे आलं. पट्टा लागला. आता ती डॉक्टरकडे जाऊन ते उतरवून घेईल तर ते जाईल कुठं? परत त्याच्याकडेच. ती येणार नाही म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

वेसूला, त्याच संध्याकाळी

केतकीला सांगितलं तेव्हा तिनं पडद्यावर पुन्हा त्या रेघा काढल्या. पहाटेची लगबग म्हणजे पाणी भरणं. दुपारचा विसावा म्हणजे साड्या घेऊन बसणं. रात्रीची झोप म्हणजे झोपच. "हे सगळे कारागीर बायका आहेत, आत्या," ती म्हणाली. सगळ्या महिन्यांचं काम एका वाक्यात बसलं.

हार्दिकचं म्हणणं पडलं की मेहरांना येऊन जाऊ द्यावं, मग सांगावं. तो काही वाईट मुलगा नाही. त्यानं घरचे दागिने मोडून यात पैसे घातले होते आणि त्याच्या घरी ते अजून कोणाला माहीत नव्हतं, हे त्यानं मला त्याच वेळी सांगितलं. पण माझं डोकं फिरलं. तिकडे बाईला आडवं पडता येत नाही आणि तुम्ही कोणाला आधी आणि कोणाला नंतर ते ठरवताय, असं मी बोलून गेले. केतकीनं डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी लगेच घेऊन या म्हटलं. मग ती एकटी डिंडोलीला गेली. संतोष दुहेरी पाळीला थांबलेला. मंगलनं तिला चहा पाजला आणि हसून परत पाठवलं.

रात्री जेवताना मी तिला विचारलं, उद्या मेहरांपुढे काय करणार? ती म्हणाली, माहीत नाही. मला राग आला आणि तिची कीवही आली, दोन्ही एकदम. बत्तीस वर्षांच्या पोरीचं तोंड शाळेत पेपर अवघड गेल्यावर व्हायचं तसं झालं होतं.

मेहरासाहेब

मी गुंतवणूकदार म्हणजे सूटबूट आणि सोन्याची साखळी धरून चालले होते. आला तो साध्या टीशर्टातला, पन्नाशीचा, मवाळ माणूस. डिंडोलीत संतोषच्या दारात बूट काढले, जमिनीवर मांडी घातली, मंगलच्या हातचं पाणी प्यायला. मला नमस्कार केला. अशा माणसाशी वैर कसं धरावं, हेही कळेना.

संतोषनं त्या दिवशी सुट्टी घेतली होती. इस्त्रीचा शर्ट, मनगटाला पट्टा. हार्दिकच्या फोनवर त्याची रेघ हिरवी येत होती, स्वच्छ, एकसारखी. मेहरांनी हिंदीत विचारलं, या पट्ट्यानं तुमचा जीव वाचवला असं ही मुलं सांगतात, तुम्हाला काय वाटतं? संतोष खाली पाहत म्हणाला, "साहब, मुझे तो डर लगता है. इस्पितळवाला अच्छा बोलता, ये लाल बोलता." मेहरांनी केतकीकडे पाहिलं. हार्दिकनंही पाहिलं. मी दाराशी उभी होते आणि माझ्या छातीत जे होत होतं ते पट्ट्यानं पाहिलं असतं तर लालच दाखवलं असतं.

केतकी मेहरांशी बोललीच नाही. ती संतोषकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "संतोषभाऊ, हा पट्टा रोज कोणाच्या हातात असतो?"

"हिना हातमा," तो म्हणाला. मंगल चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याला माहीत असलेल्याच दोन गोष्टी, पण त्या त्यानं आजवर शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. "मंग हाई लाल हिनं शे?"

तो उठला. महिनाभर जिना हळू चढणारा माणूस तटकन उठला, त्यानं पट्टा काढून खाली ठेवला आणि मंगलच्या हातून ट्रे घेतला.

"चाल."

"नही," मंगल म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा कापरा झालेला मी ऐकला. "मनं बरं व्हई ते परत तुमनाकडे जाई."

"येऊ दे," तो म्हणाला.

एवढंच. मी तिला तासभर समजावलं होतं, केतकीनं समजावलं होतं, डॉक्टरांचा निरोप दिला होता. त्या दोन शब्दांनी ती पदर खोचून बाहेर पडली. मेहरांना मधलं काही कळलं नव्हतं, केतकीनं चप्पल घालता घालता त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी स्वतःची गाडी पुढे आणायला सांगितली आणि ते ड्रायव्हरशेजारी बसले. चहा तिथंच राहिला.

इस्पितळात तिचा दोष पहिल्याच तपासणीत सापडला. लहानपणच्या त्या सांध्यांच्या तापानं काळजाची एक झडप आखडली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आता औषधं सुरू करू, पुढे फुगा घालून झडप उघडता येईल, घाबरू नका. संतोष बाकावर बसून ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही आवरेना.

त्याच व्हरांड्यात मेहरा केतकीला बाजूला घेऊन बोलत होते. मला वाटलं, झापतायत. जवळ गेले तर माणूस उत्साहात. गल्लीतल्या किती बायका घालतात, कायम घालतात का, काढून ठेवत नाहीत का, असं विचारत होते. पुरुष पट्टा टाकून देतात हे सगळ्या कंपन्यांचं रडगाणं आहे, इथं बायका रात्रंदिवस घालतायत, तुम्ही मला जे दाखवणार होतात त्यापेक्षा हे मोठं आहे, असं त्यांचं म्हणणं. मग मंगलच्या खाटेशी जाऊन त्यांनी तिला हात जोडले आणि विमान गाठायला गेले. हार्दिकला आनंद झाला होता. केतकी रडत होती. मंगलचं दुखणं ही चांगली बातमी झाली की वाईट, हे मला त्या दोघांपैकी कोणीच नीट सांगू शकलं नाही. पैसे मिळाले का, हे मी अजून दर फोनला विचारते, आणि ती दर वेळी म्हणते, चालू आहे.

निघायच्या दिवशी

गाडी दुपारची होती. सकाळी केतकी नवे पट्टे घेऊन डिंडोलीला निघाली, मीही गेले. या वेळी नोंदणी बायकांच्या नावानं. मंगल घरी आली होती, भिंतीला टेकून बसलेली, चेहऱ्याला थोडा रंग आलेला. केतकीनं तिला सगळं नव्यानं सांगितलं. हा पट्टा नुसतं मोजतो, काही ओढून घेत नाही, ज्याच्या हातात असतो त्याचंच मोजतो. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. मी ते अहिराणीत सांगितलं. मंगल प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, आणि तिला ते समजलं होतं याबद्दल मला शंका नाही. इतकं की, औषधाच्या वेळा तिनं आम्हालाच बिनचूक म्हणून दाखवल्या.

मग केतकीनं नवा पट्टा तिच्या हातात ठेवला. मंगलनं तो उलटून पाहिला, अंगठ्यानं पुसला. तिच्या नावाची म्हणून त्या घरात दुसरी काही वस्तू असेल असं मला वाटत नाही.

"हाऊ मना नावना शे ना?" तिनं विचारलं.

केतकी हो म्हणाली.

"मंग मनासाठे हाऊ कोण घाली?"

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. संतोष डबा घेऊन खात्यावर निघाला होता, चपला घालून दारात उभा होता. त्यानं डबा खाली ठेवला, मागे फिरून बायकोसमोर बसला, आणि आपलं मनगट पुढे केलं.